एक फुंक जास्त

सोनूबाई गुरुवारी दुपारी येणार आणि समोर बसणार, हे कळल्यापासून देवरुखकरांच्या घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरेना.

आता एक कोळीण सोनाराच्या दुकानात येऊन बसणार, यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणेल तो म्हणो बापडा. त्याने १९५५ सालच्या अंधेरीत, वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आठ फुटी दुकानामागे वसुधाच्या जागी दोन दिवस काढून दाखवावेत, मग बोलावं.

पुढे दुकान, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, मध्ये एक विटका पडदा. पडद्यापुढे वसुधाचे वडील, अण्णा देवरुखकर, तीस वर्षं गादीवर बसून होते. त्यांनी दिलेला जोड नखाने चाचपून सापडत नाही, असं वेसाव्याच्या बायका सांगायच्या, आणि त्या उगाच कुणाला चांगलं म्हणणाऱ्या नव्हेत. दुकानातलं निम्मं काम त्या कोळीवाड्यातून यायचं. घर त्यावर चालायचं.

फक्त एक गोष्ट त्या बायकांना ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून या दुकानातला दिवा अण्णा फुंकतच नव्हते. पडद्यामागे बसून त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी फुंकत होती.

सोनाराची फुंकणी म्हणजे चूल पेटवायची ती लोखंडी नळी नव्हे. ही पितळेची, वीतभर लांब, टोकाशी वाकलेली, आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. खोबरेल तेलाच्या दिव्यात बोटाएवढी जाड वात असते. तिच्या ज्योतीला फुंकणी लावायची आणि गालातल्या हवेने ती ज्योत आडवी करून नेमकी सोन्यावर टेकवायची. सगळी करामत गालांची. गाल भरलेले ठेवून श्वास नाकाने आत घ्यायचा आणि तोंडातली हवा मात्र चालूच ठेवायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. डोळे पांढरे होतात आणि नाकातून पाणी येतं.

तीस वर्षं दिव्याचा धूर आणि तेजाबाची वाफ छातीत घेतल्यावर अण्णांना दमा लागला. रात्री झोपले की छातीत भाता वाजायचा. डॉक्टरांनी सांगितलं, फुंकणी सोडा नाहीतर औषध सोडा, दोन्ही चालणार नाही. हाताखाली म्हणावं असं कुणी नव्हतं. पुतण्या नंदकुमार होता, पण त्याला सांताक्रूझच्या विमानतळावर कारकुनी मिळाली आणि त्याने पांढरी पँट शिवून घेतली. पांढरी पँट घालून कोळशापाशी कोण बसतो!

एके दुपारी अण्णा फुंकता फुंकता खोकले आणि कुणाच्या तरी नथीची तार वितळून तिचा मणी झाला. ते त्या मण्याकडे बघत तसेच बसून राहिले. वसुधा चहा घेऊन आली होती. कपबशी खाली ठेवून ती म्हणाली, "मला शिकवा."

"वेड लागलंय का गं तुला?" अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला आणि पाण्याने भरलेल्या वाटीबरोबर तिच्या पुढ्यात ठेवला. देठ तोंडात धरायचा, दुसरं टोक पाण्यात, आणि फुंकत राहायचं. बुडबुडे तुटता कामा नयेत. अण्णा समोर बसून पाढे म्हणायचे, मोठ्याने आणि मुद्दाम सावकाश. दोनाच्या पाढ्यापासून बाराच्या पाढ्यापर्यंत बुडबुडे टिकले की फुंकणी हातात मिळणार, असा करार होता. पहिल्या दिवशी वसुधा बे पंचे दहालाच आपटली. बारापर्यंत पोचायला तिला चार महिने लागले. गाल असे दुखायचे की भाकरी आमटीत कुस्करून खावी लागायची. आई म्हणायची, "आरशात बघ जरा. गालगुंड झाल्यासारखं तोंड झालंय. कोण करणार आहे असल्या थोबाडाची बायको?"

मग अण्णांनी तिच्यासाठी वेगळी फुंकणी करून आणली, बारीक आणि हलकी. फुंकणी जिभेसारखी असते, ज्याची त्याची, असं त्यांचं ठाम मत. स्वतःच्या फुंकणीला ते कुणाला हात लावू देत नसत. सात महिने तांब्याची तार, मग चांदी, मग कुठे सोनं; तोवर अण्णा खोकत खोकत स्वतःच निभावत राहिले. त्यात बारीकसारीक शिस्त किती सांगावी. नखं कापायची ती वाटीवर. हात धुवायचे ते एकाच घंगाळात. उठताना पदर झटकायचा तो परातीत. केर टाकायचा नाही; वर्षातून एकदा झारेकरी यायचा, तो केर विकत घेऊन जायचा आणि धुऊन धुऊन त्यातून सोनं काढायचा. वसुधाने हे सगळं निमूट अंगवळणी पाडून घेतलं. बुद्धीला पोरगी तल्लख होती, हाताला हलकी होती, पण तिला एक खोड होती आणि ती काही केल्या जाईना.

दोन तुकडे जोडायला त्यांच्या सांध्यात हिणकस सोन्याचा बारीक कण ठेवतात, त्याला झाळ म्हणतात. मूळ दागिन्याच्या आधी ती वितळते. तापता तापता एका क्षणी ती पाण्यासारखी चमकते आणि सांध्यात पळते. "झाळ पळाली की फुंक तोडायची," अण्णा सांगायचे. "बघत बसायचं नाही." वसुधाला ते डोळ्यांना दिसायचं आणि तरी पटायचं नाही. पळाली का? नक्की पळाली? आणखी एक फुंक देऊन बघू, म्हणजे सुटायला नको. त्या एका फुंकेपायी तिने चांदीची तीन जोडवी वितळवून बसवली आणि एका लहान पोरीच्या सोन्याच्या बाळीचं भजं केलं.

त्या दिवशी अण्णा ओरडले नाहीत. वितळलेली बाळी तिच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "ही काळजी नव्हे, वसू. ही भीती आहे. तुझा तुझ्या डोळ्यांवर विश्वास नाही."

वसुधाला इतकं लागलं की ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. बाळी अण्णांनी स्वतःच्या सोन्यातून नवी करून दिली.

तर असं चाललं होतं. इतर गिऱ्हाइकं दागिना आठवडाभर ठेवून जायची, वसुधा दुपारी पडद्याआड बसून काम उरकायची आणि अण्णा तो पुढे द्यायचे. वेसाव्याच्या बायकांची मात्र रीत वेगळी. त्या सोनं सोनाराकडे ठेवून जात नसत. समोर बसायचं, डोळ्यांदेखत काम करून घ्यायचं, निवलं की गळ्यात घालून उठायचं. सासू सुनेला हे शिकवायची, सून पुढे आपल्या सुनेला. अण्णांना त्याचा राग नव्हता. "समोर बसा," असं तेच आधी म्हणायचे. पण श्वास गेल्यापासून त्यांची पंचाईत झाली. गेली दोन वर्षं ते या बायकांकडून नुसती मण्यांची ओवणावळ आणि दागिन्यांची उजळणी घेत होते. दिव्याचं काम निघालं की आज तेलच नाही, आज हात दुखतोय, आज अमावास्या आहे, अशा थापा. अण्णा आळशी झाला, असं बाजारात बोलणं सुरू झालं होतं. आळशी म्हटलं तर चालत होतं. सोनाराचा श्वास गेलाय आणि पडद्यामागे पोरगी फुंकते, हे कळलं असतं तर सगळा कोळीवाडा दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढला असता.

आणि सोनूबाई म्हणजे साधंसुधं गिऱ्हाईक नव्हे. अंधेरीच्या मासळीबाजारात पहिली बैठक तिची. ती म्हणेल तो भाव आणि ती सांगेल ती बातमी. सोमवारी ती आली ती गळ्यातली माळ काढूनच. पोकळ सोन्याचे मणी, मध्ये सुपारीएवढं पदक, पदकाच्या कडेने खसखशीएवढ्या सोन्याच्या दाण्यांची दुहेरी रांग. तिच्या आजेसासूचं लेणं. पदकाची वरची कडी तुटली होती.

"मथुरेचं लगीन हाय रविवारी," ती म्हणाली. मथुरा तिची एकुलती एक लेक. "ही माळ तिच्या गल्यात जायची. गुरुवारी बाजार आटोपला की येतंय. मी समोर बसनार हां अण्णा, सासूला शबूद दिलाय मी. जमतंय का नाय ते आताच सांग. नायतर मना दुसरं दुकान बगाया लागंल."

पडद्यामागे वसुधाने श्वास रोखून धरला. अण्णांनी पदक हातात घेऊन उलटसुलट केलं, खोकला गिळला आणि म्हणाले, "या गुरुवारी."

ती गेल्यावर आईने कपाळाला हात लावला. "छातीत भाता वाजतोय आणि म्हणे या गुरुवारी."

"एकच तर कडी आहे," अण्णा म्हणाले. "सहाच्या पाढ्याएवढं काम."

पण हे काम कसलं होतं ते अण्णांना कळत होतं आणि वसुधालाही. ते दाणे जुन्या झाळेवर बसलेले. कडी तापवताना ज्योत जरा सरकली तर दाणे ढळणार. त्यातून ज्योत मध्येच तुटली आणि काम पुन्हा तापवायची वेळ आली, तर दुसऱ्यांदा सगळं पदकच तापणार आणि मग दाण्यांचं काही खरं नाही. एका दमात व्हायला हवं होतं, आणि दम तर अण्णांकडे नव्हताच.

"आपण तिला खरं सांगू या," वसुधा म्हणाली.

"काय सांगू? माझ्या हातचं म्हणून दोन वर्षं दुसऱ्याचं काम विकलं, असं सांगू?" अण्णांचा आवाज चढला आणि लगेच खोकल्यात बुडाला. आईने पाणी दिलं आणि वसुधाला दटावलं, "गुरुवारी तू पडद्याच्या बाहेर यायचं नाहीस. ती बाई एकदा बाजारात बोलली की स्थळंही गेली आणि दुकानही गेलं."

गुरुवारी सकाळी आईने वसुधाची फुंकणी उचलली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवली. चुकूनसुद्धा कुणाच्या नजरेला पडायला नको, म्हणून. भीतीने माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

दुपारी अडीचला सोनूबाई आली. रिकामी पाटी बाहेर ओट्यावर ठेवली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि अण्णांच्या समोरच्या बाकावर ऐसपैस बसली. चहा नको म्हणाली. "आधी काम," म्हणाली.

वसुधा पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती. तिला अण्णांची पाठ आणि सोनूबाईचं तोंड दिसत होतं. अण्णांनी पदक कोळशाच्या तुकड्यावर बसवलं, कडी बारीक तारेने बांधली, झाळ नीट पळावी म्हणून सांध्याला टाकणखाराचं पाणी लावलं, चिमट्याने झाळेचा कण ठेवला. हात अजून तोच होता, जराही न थरथरणारा. त्यांनी वात पेटवली आणि फुंकणी ओठांत धरली.

ज्योत आडवी झाली. वसुधाने मनात पाढे सुरू केले. दोनाचा झाला, तिनाचा झाला. कोळसा लाल व्हायला लागला. चाराच्या पाढ्याला अण्णांच्या नाकातून बारीक शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी तिला घरात रोज रात्री ऐकू यायची. चार नव्वे छत्तीस. अण्णांचे खांदे वर चढले. पाच एके पाच. पाच दुणे दहा.

खोकला आला.

ज्योत सरळ उभी राहिली. अण्णा तोंडावर पालथी मूठ धरून वाकले. खोकला थांबेना. पदकाची लाली उतरायला लागली. त्यांनी तशातच पुन्हा फुंकणी लावली, दोन फुंका मारल्या, तिसरी निघालीच नाही. चेहरा काळवंडला. सोनूबाई बाकावरून अर्धी उठली. "काय होतंय अण्णा? अण्णा?"

वसुधा मागे वळली ती सवयीने. फळीवर फुंकणी नव्हती. आई भिंतीशी पदर तोंडात धरून उभी होती आणि तांदळाच्या डब्याकडे बघत होती. डबा काढून, झाकण उघडून, तळाशी हात घालेपर्यंत पदक थंड पडलं असतं आणि सगळा खेळ खलास झाला असता.

ती पडदा सारून बाहेर गेली, अण्णांच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या बोटांतून त्यांची फुंकणी काढून घेतली. ती ओली होती. तिने ती तशीच तोंडात घातली.

जड होती. तिच्या फुंकणीपेक्षा दुपटीने जड, आणि भोक मोठं. पहिल्या फुंकेला ज्योत नुसती फडफडली आणि कोळशाच्या पार पलीकडे गेली. तिने मनगट खाली केलं, गाल जास्त भरले, पुन्हा धरलं. ज्योत निळी, बारीक झाली आणि कडीच्या बुडाशी जाऊन टेकली. दोनाचा पाढा. सोनूबाईचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते, तिला ते न बघताही जाणवत होतं. तिनाचा. पदक काळसर होतं ते तांबूस झालं. दाणे लकाकायला लागले. दुसऱ्यांदा तापतंय, आता घाई नको आणि उशीरही नको. चाराचा. पाचाचा. नाकाने श्वास, गालातली हवा चालूच. शेजारी अण्णांचा घरघर आवाज.

सहा सक्कं छत्तीस. झाळ चमकली आणि सांध्यात पळाली.

तिला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. आणि तरी आतून काहीतरी म्हणालं, आजेसासूचं लेणं आहे, सुटलं तर? तिने आणखी एक फुंक दिली.

कडेचा एक दाणा हलला. गोल होता तो चपटा झाला आणि शेजारच्या दाण्यावर रेलून बसला.

वसुधाने फुंकणी खाली ठेवली. पदक निवलं, चिंचेच्या पाण्यातून निघालं, रिठ्याने धुतलं गेलं. हे सगळं अण्णांनीच केलं, हळूहळू, मान खाली घालून. मग त्यांनी ते सोनूबाईच्या हातात दिलं.

सोनूबाईने कडी दोन बोटांत धरून ओढली. जोराने ओढली. कडी जागची हलली नाही. तिने नखाने सांधा शोधला आणि तिला सापडला नाही. "बसलंय झकास," ती म्हणाली. अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला. पदक माळेत ओवून ती माळ गळ्यात घालायला लागली. तो दाणा अगदी कडेला होता, मण्याच्या सावलीत. बघणाऱ्याला वर्षभर दिसला नसता.

अण्णांनी मात्र पाहिला होता. "सोनूबाई," ते म्हणाले, "एक दाणा बसलाय कडेचा. माझा दम तुटला ना मध्ये, त्यामुळे. दोष माझा."

वसुधाला रडू फुटेल असं वाटलं. गप्प बसणं किती सोपं होतं. तीस वर्षांचं नाव असलेला माणूस आपल्या अंगावर घेतोय, घेऊ दे. पण ते खोटं होतं, आणि आजवर तिच्या हातचं चांगलं काम अण्णांच्या नावावर गेलं तसं हे वाईट कामही जाणार, हे तिला सोसेना.

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा तापवलं तेव्हा दाणे शाबूत होते. झाळ पळाली तेही मला दिसलं. मी एक फुंक जास्त दिली. दाणा माझ्यामुळे बसला."

सोनूबाईने माळ पुन्हा काढली. दाराच्या उजेडात नेऊन पदक डोळ्यांशी धरलं आणि दाणा सापडेपर्यंत बघत राहिली. परत येऊन बाकावर बसली. आधी वसुधाकडे बघितलं नाही, अण्णांकडे बघितलं.

"कवापासून फुंकते ही?"

"दोन वर्षं झाली," अण्णा म्हणाले.

"म्हंजे तेल नाय, अमावास्या हाय, ते समदं यापायी. आमी उनातानातून येयाचं आन तू परत धाडायचा." ती थांबली. "लबाडी केलीस अण्णा. सोन्यात नाय केलीस, पन केलीस."

तीस वर्षांत अण्णांना हा शब्द कुणी लावला नव्हता. वसुधाला त्यांच्याकडे बघवेना.

मग सोनूबाई तिच्याकडे वळली. "तुना दिसत होतं ना झालंय ते? मंग कशाला फुकलीस?"

"भ्यायले," वसुधा म्हणाली. "सुटेल असं वाटलं."

"हं." सोनूबाईने माळ गळ्यात घातली, पदर सारखा केला. "मी मासली कापाया शिकली तवा माझ्या आयनं मना तीन वरसं बांगडाच दिला कापाया. सुरमयला हात लावून दिला नाय. तुना या बाबानं दोन वरसांत सुरमय दिली. दाना बसनार नाय तर काय होनार." ती उठली. ओट्यावरची पाटी काखेत मारली आणि पायरीवरून मागे वळून म्हणाली, "लगीन होऊ दे, मंग बगतंय."

बघतंय म्हणजे काय, हे ती सांगून गेली नाही.

शुक्रवारी वेसाव्याची एकही बाई दुकानात फिरकली नाही. शनिवारी नाही. रविवारी लग्न होतं, तेव्हा कुणी येणार नव्हतंच, पण आईने दिवसभर ओट्याकडे शंभर चकरा मारल्या. सोमवार गेला. मंगळवारी बाजारातून येताना आईने ऐकलं की दोघीतिघी कोळणी स्टेशनजवळच्या दुसऱ्या सोनाराकडे बसल्या होत्या. ती घरी येऊन भाजीची पिशवी न उघडता तशीच बसली. अण्णा गादीवर बसायचे, दिवा पुसायचे, परत ठेवायचे. त्यांची फुंकणी गुरुवारपासून होती तिथेच पडून होती. त्यांनी तिला हात लावला नाही आणि वसुधानेही नाही. ती रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या देत होती. एका फुंकेने दुकान घालवलं, बापाचं नाव घालवलं. बोललेच नसते तर, असंही शंभरदा मनात आलं, आणि बोलले ते बरं केलं, असंही.

बुधवारी दुपारी सोनूबाई आली. एकटी नव्हती. बरोबर नवी नवरी मथुरा होती, हातांची हळद अजून उतरली नव्हती, आणि मागे वेसाव्याच्या आणखी चौघी. बाकावर जागा पुरेना. दोघी पायरीवर बसल्या, एक दाराला टेकून उभी राहिली.

मथुरेने गळ्यातली माळ काढली. सोनूबाईने ती अण्णांपुढे ठेवली नाही. हातातच धरून पडद्याकडे बघत म्हणाली, "लेक कुटं हाय तुजी? तिला बोलीव. दाना तिनं बसिवला, तीच करून देल. आमी समोर बसनार."

वसुधा बाहेर आली. सहा जणी तिच्याकडे बघत होत्या आणि एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. इथे चुकलं तर सहा तोंडांनी अख्ख्या वेसाव्यात जाणार, हे सांगायला कुणी नको होतं.

तेव्हा अण्णा गादीवरून उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. गादीपुढची हत्यारांची पेटी ओलांडून ते पलीकडे गेले आणि बाकाच्या टोकाला, मथुरेशेजारी, उरलेल्या वीतभर जागेत बसले. गिऱ्हाइकाच्या बाजूला. तीस वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते.

"मीही समोर बसतो," ते म्हणाले.

वसुधा त्यांच्या गादीवर बसली. गादी अजून ऊबदार होती. इतक्यात पडदा हलला आणि आई बाहेर आली. परक्या बायकांसमोर कधी न येणारी आई. तिच्या हातात वसुधाची फुंकणी होती, तांदळाची पिठूळ पांढरी भुकटी लागलेली. तिने ती पदराला पुसली, वसुधाच्या पुढ्यात ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

बसलेला दाणा वसुधाने टोकदार चिमट्याने आणि बारीक कानशीने सोडवला. सोन्याचा एक कण कोळशावर ठेवून तापवला. तापला की तो आपला आपण गोल होतो. तो गोळा उचलून जुन्या जागी ठेवला, रांगेत, शेजाऱ्यांना न ढकलता. टाकणखार. तिळाहून बारीक झाळ. वात पेटवली.

ज्योत आडवी झाली. दोनाचा पाढा, तिनाचा, चाराचा. समोर अण्णांचे ओठ हलत होते. ते तिच्याबरोबर पाढे म्हणत होते, आवाज न करता. दाणे तांबूस झाले. पाचाचा. सगळी रांग एकदम लकाकली, आणि नव्या दाण्याच्या बुडाशी पाण्यासारखं काहीतरी चमकून आत पळालं.

पळाली का? नक्की पळाली? हाताच्या आत ती जुनी भीती तशीच होती, कुठे गेली नव्हती. एक फुंक. एकच.

वसुधाने फुंक तोडली.

"झालं?" सोनूबाईने विचारलं. विचारताना सवयीने ती अण्णांकडे बघत होती. अण्णा गप्प राहिले.

वसुधाने त्यांच्याकडे बघितलं नाही. "झालं," ती म्हणाली.